ब्रेक दाबला की पेडल थरथरतं? डिस्क बदलायच्या आधी डायल गेज लावून बघा (वापरून लिहिलेला रिव्ह्यू)

मंडळी, हा रिव्ह्यू एका साध्या डायल गेजचा (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मोजमापाचं अवजार) आहे, ०.०१ मिमी लीस्ट काउंटवाला, म्हणजे कमीत कमी तेवढं मोजू शकणारा, सोबत मॅग्नेटिक स्टँड येतो तो सेट. ब्रँड काही मोठा नाही, असे सेट बऱ्याच नावांनी मिळतात आणि दिसायला जवळपास सारखेच असतात, त्यामुळे नावापेक्षा घेताना काय तपासायचं आणि गाडीला लावायचा कसा तेच सविस्तर लिहितो. घेतला एकाच कामासाठी. ब्रेक दाबला की पेडल पायाखाली खालीवर व्हायचं आणि जरा स्पीडला असलो तर स्टिअरिंगपण हातात डावं-उजवं नाचायचं. गॅरेजमध्ये याला ठरलेलं उत्तर असतं, "डिस्क वाकडी झालीये, बदलून टाका." आता डिस्क बदलून झाल्या होत्या की! नव्या डिस्कवर गाडी एकदम मस्त चालली आणि मग काही हजार किलोमीटर झाल्यावर तेच थरथरणं हळूहळू परत सुरू. म्हणजे मूळ दुखणं डिस्कमध्ये नव्हतंच, दुसरीकडे कुठेतरी होतं, आणि ते या गेजने शोधून दिलं.

आधी हे का होतं ते नीट समजून घ्या, नाहीतर गेज घेऊन काट्याकडे बघत बसाल आणि कळणार काहीच नाही. बहुतेक वेळा डिस्क गरम होऊन वाकलेली वगैरे नसते. ती हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) किंचित तिरकी बसलेली असते, म्हणजे फिरताना तिची कड थोडी आत-बाहेर होते, याला रनआऊट म्हणतात. गंमत अशी की नुसत्या रनआऊटने सुरुवातीला पेडलला काहीच जाणवत नाही कारण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आपल्या पिनांवर सरकतो आणि डिस्कबरोबर हलून घेतो. पण ब्रेक दाबलेला नसताना, गाडी नुसती धावत असताना, डिस्कचा तो बाहेर आलेला भाग दर फेरीला पॅडला चाटून जातो आणि हजारो किलोमीटर असंच चालू राहिलं की तेवढ्याच जागी डिस्क पातळ होत जाते. एकदा का जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की मग ब्रेक दाबल्यावर जाड भाग पॅडमधून जाताना कॅलिपरमधल्या पिस्टनला मागे ढकलतो, पातळ भाग आला की पिस्टन पुढे येतो, आणि तो धक्का ब्रेक ऑइलमधून सरळ तुमच्या पायाला. म्हणून नवी डिस्क टाकली की लगेच बरं वाटतं आणि काही महिन्यांनी दुखणं परत येतं, कारण डिस्क तिरकी बसवणारी गोष्ट जशीच्या तशी तिथेच असते.

दुसरं कारण पॅडच्या मटेरियलचं. लांब उतारावर ब्रेक खूप तापले आणि मग थांबून पेडल घट्ट दाबून धरलं तर पॅडखाली डिस्कवर मटेरियलचा एक थर चिकटून राहतो, आणि त्या पट्ट्यावर ब्रेकची पकड वेगळी, बाकी ठिकाणी वेगळी. हेही पायाला आणि स्टिअरिंगला जवळपास तसंच लागतं. डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग दिसत असेल तर आधी याच्यावर संशय घ्या.

गाडी जॅकवर घ्यायच्या आधी थोडं चालवूनच बरंच कळतं आणि त्याला कुठलंही अवजार लागत नाही. ब्रेक न लावतापण एका ठराविक स्पीडला स्टिअरिंग हलत असेल तर तो चाकाच्या बॅलन्सिंगचा नाहीतर टायरचा विषय, त्यात ब्रेकला हात लावू नका. ब्रेक लावल्यावरच होतंय आणि स्टिअरिंग हलतंय तर बहुधा पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर थरथरतंय पण स्टिअरिंग शांत आहे तर मागच्याकडे बघा. थरथर चाकाच्या फिरण्याशी बांधलेली असते, ६० च्या स्पीडला साध्या कारचं चाक सेकंदाला साधारण ९ वेळा फिरतं, गाडी हळू होईल तसे धक्केही हळू होत मोजता येतील इतके सुटे होतात, ही खूण लक्षात ठेवा. एबीएसचं (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वेगळं असतं, ओल्या रस्त्यावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर पेडल भरभर थडथडतं आणि खालून घरघर आवाज येतो, तो त्याचा धर्मच आहे, त्यात बिघाड काही नाही. पण अगदी थांबता थांबता, हलक्या ब्रेकलाच एबीएस जागं होत असेल तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची रिंग बघावी लागेल, तिथे डायल गेजचा उपयोग नाही.

हँडब्रेकची एक टेस्टपण लोक करतात. मोकळ्या, रिकाम्या जागेत, अगदी हळू स्पीडला, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढायचा, थरथर आली तर दोष मागे. पण हे तेव्हाच खरं जेव्हा हँडब्रेक मागच्या त्याच ड्रमवर किंवा डिस्कवर काम करतो, काही गाड्यांत मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचा वेगळा छोटा ड्रम असतो, तिथे या टेस्टवरून काही ठरवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकवाल्यांनी तर नकोच.

आता वस्तूबद्दल. सेटमध्ये गेज, चौकोनी मॅग्नेटिक बेस, दोन दांड्या आणि सांधे. गेजचा मोठा काटा एक फेरी मारतो तेव्हा टोक १ मिमी आत गेलेलं असतं, डायलवर १०० भाग, म्हणजे एक भाग ०.०१ मिमी, आणि छोट्या काट्यावर पूर्ण मिलिमीटर मोजायचे. एकूण रेंज १० मिमी, आपल्या कामाला भरपूर. बाहेरची रिंग फिरवून शून्य हव्या त्या जागी आणता येतं. मुद्दाम काट्याचं गेज घेतलं, डिजिटल नाही, कारण इथे आकडा वाचण्यापेक्षा काटा कसा हलतोय ते बघायचं असतं. डिस्क फिरवताना काटा सावकाश एकीकडे जाऊन सावकाश परत आला तर डिस्क तिरकी बसलीये, मध्येच एका जागी टचकन उडाला तर तिथे गंज किंवा चिकटलेलं मटेरियल आहे, हे डिजिटलच्या भराभर बदलणाऱ्या आकड्यांत समजत नाही.

घेतल्या घेतल्या दोन गोष्टी तपासा. गेजचं टोक बोटाने वर उचलून सोडा, काटा दरवेळी त्याच भागावर परत यायला पाहिजे. मग स्टँड लावून दांडीला हलकासा धक्का द्या आणि सोडा, काटा शून्यावर आला पाहिजे, नाही आला तर सांध्यात खेळ आहे. माझ्या सेटचं गेज पहिल्यात छान पास झालं, दुसऱ्यात मात्र सांध्याचे स्क्रू पक्कडीने आवळल्यावरच पास झालं, नुसत्या हाताने पिळून ते पुरेसे घट्ट होत नाहीत. गेजच्या मागे बारीक अ‍ॅडजस्टमेंटचा जो स्क्रू आहे तोही ढिला आहे, तो मी वापरतच नाही.

लावायची पद्धत. सपाट जमीन, बाकीच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा), जॅकवर उचललं की लगेच खाली जॅक स्टँड, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही. चाक काढलं, कॅलिपर सोडून तारेने स्प्रिंगला टांगला, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लटकत ठेवू नका, होज आतून फाटतो. आणि कॅलिपर काढलेला असताना घरातल्या कुणीही ब्रेक पेडलला पाय लावता कामा नये, पिस्टन बाहेर येईल. धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची, ती फुफ्फुसांत जायच्या लायकीची नसते.

मग डिस्क हबवर नीट दाबून बसवायची. ही पायरी बरेच जण सोडून देतात आणि मग रीडिंग भलतंच येतं. चाक काढल्यावर डिस्क एक-दोन छोट्या स्क्रूवर नाहीतर नुसती सैल लटकत असते, अशी मोजली तर काय वाट्टेल तो आकडा येईल. चाकाचे सगळे नट वॉशर घालून बसवा आणि आडव्या-तिडव्या क्रमाने सारखे आवळा. त्याच्या आधी डिस्क वर-खाली धरून हलवून बेअरिंगला खेळ नाही ना तेही बघा, बेअरिंग खेळत असेल तर पुढचं मोजमाप करण्यात अर्थच नाही.

बेस नकलवर (हबच्या मागचा, न फिरणारा भाग ज्यात हब बसतो) चिकटवला, नॉब फिरवून मॅग्नेट ऑन केला, गेजचं टोक डिस्कला बरोबर काटकोनात, बाहेरच्या कडेपासून साधारण १० ते १२ मिमी आत. टोक थोडं दाबलेलं ठेवा, एक-दीड मिमी, म्हणजे डिस्क आत गेली तरी टोक सुटणार नाही. टोक टेकणार तिथला गंज आधी पॉलिश पेपरने काढा. गाडी न्यूट्रलला, आणि डिस्क हाताने हळूहळू, एकाच दिशेने फिरवायची. सगळ्यात कमी रीडिंगला रिंग फिरवून शून्य केलं आणि तिथून काटा जास्तीत जास्त कुठे जातो ते बघितलं, तोच रनआऊट.

उजवीकडे काटा जेमतेम तीन भाग हलला, ०.०३. डावीकडे तो चालू लागला तो थेट अकराव्या भागापर्यंत गेला आणि अर्ध्या फेरीनंतर तसाच सावकाश परत आला, मध्ये कुठेही झटका नाही. ०.११ मिमी. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ च्या आसपास दिलेली असते, काहींत थोडी जास्त, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा. सगळ्यात उंच जागी डिस्कवर खडूने खूण केली आणि तिच्यासमोर जो स्टड (चाकाचा नट ज्यावर आवळतात तो बोल्ट) आला त्यावरही.

आणि मग डिस्क काढली. हबचं तोंड वरवर बघितलं तर बरं दिसत होतं, पण नख फिरवल्यावर एका स्टडच्या बुडाशी कडेला गंजाचा चंद्रकोरीसारखा चट्टा लागला, कागदाच्या जाडीचापण नसेल. डिस्कच्या आतल्या बाजूलाही बरोबर त्याच जागी त्याचा ठसा. एवढ्याशा गंजाने काय होणार असं वाटतं ना, पण हिशोब करून बघा. हबचं तोंड साधारण १३० ते १४० मिमी व्यासाचं, डिस्क २५० ते २८० ची, म्हणजे हबच्या कडेला ०.०५ चा गंज असला तर डिस्कच्या कडेला जाईपर्यंत चूक जवळजवळ दुप्पट होते. नवी डिस्क टाकताना हे तोंड साफ करायचं राहिलं होतं, त्यामुळे नवी डिस्क पहिल्या दिवसापासून तिरकी बसलेली आणि पुढचं सगळं ठरलेलंच. मला या गोष्टीची मनापासून चीड येते, कारण साफ करायला दहा-पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत आणि त्याच्यावाचून लोक चांगल्या डिस्कवर डिस्क फेकून देतात.

साफ करताना तारेच्या ब्रशने तोंड घासलं, स्टडच्या मुळाशी ब्रश पोचत नाही तिथे पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून गोल गोल फिरवला. फाइल किंवा ग्राइंडर लावू नका, सपाट पृष्ठभाग बिघडला तर हबच बदलावा लागेल. डिस्कची आतली बाजू पण तशीच. तोंड चकचकीत झाल्यावर गेज हबच्या तोंडालाच लावून हबचा स्वतःचा रनआऊट बघितला, काटा दोन भागांच्या आत होता, म्हणजे हब आणि बेअरिंग ठीक. इथेच काटा जास्त हलला असता तर डिस्क साफ करून, बदलून काहीही उपयोग झाला नसता. परत डिस्क चढवली, नट आवळले, फिरवली, ०.०४. घासायच्या आधी ०.११, नंतर ०.०४, डिस्क तीच! तेवढ्याने नाही आलं तर आणखी एक करता येतं, डिस्क एक स्टड पुढे सरकवून बसवायची आणि परत मोजायचं, हबची आणि डिस्कची चूक एकमेकींच्या विरुद्ध आली तर एकूण कमी होते. स्क्रूच्या भोकामुळे डिस्क एकाच जागी बसत असेल तर हा मार्ग बंद.

पण इथे डायल गेजची हद्द संपते आणि हे नीट लक्षात घ्या. रनआऊट गेला तरी इतके दिवस पॅड चाटून डिस्क जिथे पातळ झाली ती झालीच, तिची जाडी हे गेज असं एका बाजूने सांगू शकत नाही, त्याला मायक्रोमीटर लागतो. व्हर्नियरने होत नाही, एक तर त्याचा लीस्ट काउंट बहुतेक ०.०२ असतो आणि आपल्याला शोधायचाच तेवढा फरक आहे, शिवाय झिजलेल्या डिस्कच्या कडेला जो उंचवटा राहतो त्यावर व्हर्नियरचे जबडे टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. खडूने डिस्कचे ८ भाग केले आणि कडेपासून सारख्याच अंतरावर मायक्रोमीटर लावत गेलो, बहुतेक ठिकाणी २१.४८, आणि ज्या बाजूला उंच जागेची खूण होती तिकडे २१.४६. फरक ०.०२. ऐकायला काहीच नाही, पण पायाला तेवढंच जाणवतं, मॅन्युअलमध्ये ही मर्यादा साधारण ०.०१ ते ०.०२५ च्या मध्ये कुठेतरी असते.

डिस्कवर कोरलेली कमीत कमी जाडी २० मिमी होती, म्हणजे मटेरियल भरपूर शिल्लक, बदलायची गरजच नव्हती. दोन्ही बाजूच्या डिस्क लेथवर हलका हात मारून घेतल्या, एकाच बाजूची करू नका, ब्रेक एकीकडे ओढू शकतात. लेथवरून आलेली डिस्कपण गाडीवर बसवून परत गेज लावायचाच, कारण लेथवाल्याने ती त्याच्या मशीनच्या हिशोबाने सरळ केलेली असते, तुमच्या हबच्या नाही. गाडीवरच डिस्क लावलेली ठेवून मशिनिंग करणारी यंत्रंही असतात, ती मिळत असतील तर त्याहून उत्तम काही नाही. कोरलेल्या जाडीच्या खाली जाणार असेल तर मात्र विचार न करता नवीन डिस्क, आणि नवीन डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून मगच पॅड.

कॅलिपरच्या पिना उघड्या आहेतच तर हाताने सरकवून बघा. जाम असतील तर पॅड डिस्कपासून सुटतच नाही आणि एक पॅड तिरका किंवा जास्त झिजलेला दिसतो. साफ करून ब्रेकसाठी येणारं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबराला फुगवतं. पिस्टन आत ढकलताना वरच्या डब्यात ऑइल वर येतं, सांडलं तर रंग जातो, लक्ष ठेवा. चाकाचे नट शेवटी गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना), आडव्या-तिडव्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. एअर गनने एक नट कडक आणि दुसरा सैल आवळला की एवढं सगळं सरळ केलेलं परत तिरकं होऊ शकतं. आणि गाडी सुरू करून हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, पहिलं दाबणं रिकामं जातं!

नंतर रिकाम्या रस्त्यावर ५०-६० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेकने हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, असं आठ-दहा वेळा, मग थोडं अंतर ब्रेक न वापरता चालवून थंड होऊ द्यायचं. त्याने पॅडचा थर सगळीकडे सारखा बसतो. आता पेडल शांत आहे, लांबच्या उतारावरपण, आणि स्टिअरिंगवर एक बोट ठेवून ब्रेक दाबला तरी काही कळत नाही. मध्ये टायर बदलायला चाकं उतरली तेव्हा परत गेज लावून बघितला, डावीकडे ०.०४ च आहे.

मागे ड्रम असतील तर हेच गेज ड्रमच्या आतल्या बाजूला टोक टेकवून लंबगोल झालाय का ते दाखवतो, फक्त बेस चिकटवायला जागा शोधावी लागते. भोकं किंवा खाचा असलेल्या डिस्कवर टोक अडकून उडतं, तिथे भोकं नसलेला पट्टा शोधून मोजा.

रेटिंग द्यायचं तर गेजला ५ पैकी ५, स्टँडला ३. सोबतचं माहितीपत्रक निरुपयोगी आहे, लावायचं कसं त्याबद्दल एक ओळ नाही. सापासारखी वळणारी एकसंध दांडीवाला स्टँड काही सेटमध्ये येतो, तो अडचणीच्या जागी लावायला सोपा जातो, पण घेतलात तर मध्ये लॉक होणारा आणि लॉक केल्यावर न ओघळणाराच घ्या. आणि ऑर्डर करायच्या आधी एक छोटा मॅग्नेट घेऊन चाकामागे नकलवर लावून बघा, बऱ्याच नवीन गाड्यांचे नकल अ‍ॅल्युमिनियमचे असतात, तिथे मॅग्नेटिक बेस चिकटतच नाही, मग एकतर स्ट्रटच्या (चाकाच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या) लोखंडी भागावर लावावा लागतो, आणि तिथूनही दांडी पोचत नसेल तर मॅग्नेटऐवजी क्लॅम्पने पकडणारा स्टँड मिळतो, सरळ तोच मागवा.